झपाटलेलं घर आणि त्यातली बाई: वाचकांचे नेहमीचे प्रश्न

साहित्याचे विद्यार्थी, वाचनगट चालवणारे आणि नुसतं घाबरायला म्हणून पुस्तक उघडून भलत्याच विचारात पडलेले वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे एक विषय दुसऱ्यात शिरतो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक इशारा मात्र आधीच देतो: प्रश्न २ सोडला तर जवळपास प्रत्येक उत्तरात कुठल्या तरी पुस्तकाचा शेवट फुटलेला आहे.

१. भुताच्या गोष्टीत 'बाईची ओळख' कुठून आली? हा समीक्षकांनी मागाहून चिकटवलेला अर्थ नाही का?

नाही, तो पहिल्या पुस्तकापासून आहे. इंग्रजी गॉथिक (जुन्या वास्तूंतल्या भय-गूढाच्या) कादंबरीची सुरुवात होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ऑट्रांटो'पासून (१७६४) मानतात. तिच्यात मॅनफ्रेडने बळकावलेला किल्ला आहे. त्याचा एकुलता मुलगा ऐन लग्नाच्या दिवशी आभाळातून पडलेल्या अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. वारस गेला म्हणून मॅनफ्रेड मुलाच्या वाग्दत्त वधूशी, इझाबेलाशी, स्वतःच लग्न करायला निघतो आणि ती भुयारातून पळते. म्हणजे अद्भुत प्रकार, मालकीचा तंटा आणि त्या तंट्यात वापरली जाणारी मुलगी ही तिन्ही सूत्रं तिथेच एकत्र बांधलेली आहेत. समीक्षक एलन मोअर्स यांनी १९७६ मध्ये 'फीमेल गॉथिक' हे नाव दिलं, पण वस्तू जुनीच होती.

आमचा सल्ला एवढाच, की भूत दिसलं की आधी भुताकडे पाहू नका. घर कुणाच्या नावावर आहे आणि ही बाई तिथे कुठल्या नात्याने राहते, हे पाहा. पगारी, आश्रित, दुसरेपणाची, विधवा, पाहुणी? पुढची बहुतेक उत्तरं याच एका प्रश्नातून निघतात.

२. सुरुवात कुठून करू? क्रम सांगा.

शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२) ही कथा आधी घ्या. सुमारे सहा हजार शब्द, एका बैठकीत होते. मग टागोरांची 'जीवित ओ मृत', ही त्याच वर्षाची. या दोन जमल्या की डॅफ्नी द्यू मोरिएची 'रिबेका' (१९३८). ती पळवत नेते. त्यानंतर शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' (१८४७) आणि लगोलग जीन ऱ्हीसची 'वाइड सर्गासो सी' (१९६६). हा क्रम उलटा करू नका. ऱ्हीसचं पुस्तक ब्राँटेला दिलेलं उत्तर आहे, आणि प्रश्न माहीत नसताना उत्तर वाचण्यात मजा नाही. शर्ली जॅक्सनची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस' (१९५९) मधे कधीही चालेल. टोनी मॉरिसनची 'बिलव्हड' (१९८७) शेवटी ठेवा. तिची पहिली पन्नासेक पानं मुद्दाम अवघड आहेत, कारण काळ मागेपुढे उड्या मारतो. तिथे पुस्तक मिटू नका.

हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) आकाराने लहान आहे म्हणून बरेच जण तिच्यापासून सुरू करतात आणि अडकतात. वाक्यं लांब आणि वळणावळणाची आहेत. तिसरी-चौथी म्हणून घ्या.

३. भूत खरं असतं की त्या बाईच्या मनाचे खेळ असतात?

या प्रश्नाचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींना एकच उत्तर लावलं की गडबड होते.

ॲन रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांत शेवटी सगळ्याचा उलगडा होतो. 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो'मध्ये (१७९४) काळ्या पडद्यामागचं जे दृश्य पाहून नायिका एमिली बेशुद्ध पडते, ती मेणाची आकृती निघते. दुसऱ्या टोकाला 'बिलव्हड'. तिथे भूत खरंच आहे, जेवतं, झोपतं, अंगाखांद्याला हात लावतं, आणि वाचकाने शंका घ्यावी अशी लेखिकेची इच्छाच नाही. मधे 'टर्न ऑफ द स्क्रू'. एडमंड विल्सन यांनी १९३४ मध्ये मांडलं की भुतं तिथल्या गव्हर्नेसच्या (घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या) मनातली आहेत, आणि वाद अजून चालू आहे. त्सव्हेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये या मधल्या अवस्थेलाच 'फॅन्टास्टिक' म्हटलं: वाचक जोवर ठरवू शकत नाही तोवरच ती टिकते.

यात एक सापळा आहे. 'मनाचे खेळ' म्हणून टाकलं की बाईच्या साक्षीला किंमत उरत नाही. 'यलो वॉलपेपर'मधला डॉक्टर नवरा हेच करतो. तेव्हा उत्तरपत्रिकेत 'नायिका भ्रमिष्ट आहे' हे निष्कर्ष म्हणून लिहू नका. तिला भ्रमिष्ट कोण ठरवतं आणि त्याने त्याचं काय साधतं, ते लिहा.

४. मालकी, वारसा हे कायद्याचे मुद्दे कथेच्या मधे कशाला आणायचे?

कारण लेखिकांनीच आणले आहेत, आपण ते घाईत ओलांडून जातो. 'यलो वॉलपेपर'च्या सुरुवातीलाच निवेदिका सांगते, की हे मोठं घर वर्षानुवर्षं रिकामं पडलंय, वारसदारांत काहीतरी कोर्टकज्जा आहे म्हणे. हिल हाऊसमध्ये तर वारसाच भुताटकीचं मूळ आहे: ह्यू क्रेनच्या दोन मुलींपैकी थोरली घर आपल्या सोबतिणीला देऊन मरते, धाकटी त्यावर हक्क सांगत राहते, आणि त्या छळाला कंटाळून सोबतीण गळफास घेते. 'रिबेका'त मॅन्डर्ली या वाड्याचा मालक मॅक्सिम याच्या हातून पहिल्या बायकोचा, रिबेकाचा, खून होतो तो क्षण आठवा. आपल्या पोटी दुसऱ्याचं मूल येईल आणि तेच मॅन्डर्लीचं मालक होईल, असं रिबेकाने त्याला डिवचलेलं असतं.

'जेन एअर' वाचताना त्या वेळचा इंग्लंडचा कायदा माहीत हवा. लग्न झालं की बाईची रोकड, दागिने, कमाई नवऱ्याची. यात पहिला बदल १८७० च्या कायद्याने झाला, तोही मुख्यतः तिच्या स्वतःच्या कमाईपुरता. मालमत्ता खऱ्या अर्थाने तिची राहिली १८८२ च्या कायद्यानंतर. कादंबरी १८४७ ची आहे. थॉर्नफील्डचा मालक रॉचेस्टर, ज्याच्यावर जेनचं प्रेम बसतं, त्याला पहिल्या, पुढे वेडी ठरलेल्या बायकोबरोबर, बर्थाबरोबर, तीस हजार पौंड मिळाले ते याच व्यवस्थेत. वेड हे घटस्फोटाचं कारण म्हणून इंग्लंडमध्ये मान्य झालं थेट १९३७ च्या कायद्याने. म्हणून बर्था 'बायको' राहते, वरच्या मजल्यावर कोंडलेली राहते आणि तिचे पैसे मात्र खाली फिरत असतात.

जेनचे आकडेही टिपून ठेवा: लोवुडच्या शाळेत शिकवण्याचे वर्षाला पंधरा पौंड, थॉर्नफील्डला गव्हर्नेस म्हणून तीस, आणि काकाच्या मृत्युपत्राने वीस हजार. त्याचे ती चार वाटे करते, पाच-पाच हजारांचे. रॉचेस्टरकडे ती परत जाते ती या पैशानंतर, आधी नाही.

५. 'जेन एअर'मध्ये भूत नाहीच. मग तिला या यादीत का घालता?

भूत नाही, पण भुताची सगळी कामं आहेत: रात्रीचं हसणं, पेटलेला पलंग, लग्नाच्या आदल्या रात्रींत टरकावलेली ओढणी. फक्त ती करणारी जिवंत बाई आहे. समाजाने जिवंतपणीच जिचं भूत केलं अशी. हा प्रकार टागोरांकडेही सापडेल (प्रश्न ११).

इथे हमखास होणारी एक चूक: 'बर्थाला पोटमाळ्यावर कोंडलं होतं.' पुस्तकात ती तिसऱ्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत आहे. पोटमाळा त्याच्याही वर. गोंधळ झाला तो सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांच्या १९७९ च्या गाजलेल्या 'द मॅडवुमन इन द ॲटिक' या शीर्षकामुळे. हा नुसता कीस नाही. जेन त्याच तिसऱ्या मजल्यावर येरझाऱ्या घालते आणि बायकांनाही पुरुषांसारखंच सगळं वाटतं, हे ती बोलते, तेव्हा तिला ते हसणं ऐकू येतं. दोघी एकाच मजल्यावर आहेत. पोटमाळा म्हटलं की हे अंतर खोटंच वाढतं.

दुसरी सुटणारी जागा म्हणजे लाल खोली. दहा वर्षांच्या जेनला मामाच्या मृत्यूच्या खोलीत कोंडतात आणि ती बेशुद्ध पडते. कादंबरीची पहिली झपाटलेली जागा ती. पुढे थॉर्नफील्डमध्ये काय होणार त्याची रंगीत तालीमच.

६. बऱ्याच नायिकांना नावच का नसतं? की मीच नीट वाचलं नाही?

तुम्ही नीटच वाचलं. 'रिबेका'ची निवेदिका, म्हणजे मॅक्सिमची दुसरी बायको, शेवटपर्यंत निनावी आहे. तिचं नाव सुंदर आणि जरा वेगळं आहे, एवढंच मॅक्सिम बोलतो. घरात फोन वाजतो, पलीकडून मिसेस द विंटरना विचारतात, आणि ही सांगते की त्या वारल्या, वर्ष होऊन गेलं. ती स्वतःच आता मिसेस द विंटर आहे हे तिच्या लक्षातच येत नाही. पुस्तकातलं सगळ्यात भीतिदायक वाक्य हेच, असं आमचं मत. जेम्सची गव्हर्नेस निनावी. 'यलो वॉलपेपर'ची निवेदिकाही. अगदी शेवटी एकदा 'जेन' असं नाव येतं, आणि ते तिचं स्वतःचंच असावं असं अनेक समीक्षक मानतात. त्या एका शब्दाकडे परीक्षेतही लक्ष ठेवा.

नाव नसणं आणि नाव बदललेलं असणं यांत फरक आहे. ऱ्हीसच्या कादंबरीत आंत्वानेतला (ब्राँटेच्या बर्थाचंच हे मूळ रूप) तिचा इंग्रज नवरा 'बर्था' म्हणू लागतो आणि ती ठामपणे सांगते की हे माझं नाव नव्हे. गंमत अशी, की ऱ्हीस त्या नवऱ्याचंच नाव पुस्तकात एकदाही घेत नाही. फेड पूर्ण झाली. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही: लग्नात तांदळात नवं नाव गिरवण्याची रीत कित्येक घरांत होती, अजूनही काही घरांत आहे, आणि माहेरचं नाव घेऊन हाक मारणारं माणूस उरलं नाही की काय होतं, हे आज्यांच्या पिढीने पाहिलेलं आहे. वाचनगटात या मुद्द्यावर बोलणं सुरू झालं की थांबत नाही; प्रश्न १६ मधलं वेळेचं गणित म्हणूनच पाहून घ्या.

'बिलव्हड'मध्ये हीच गोष्ट गुलामगिरीच्या कागदपत्रांतून येते. नायिका सेथची सासू बेबी सग्ज, तिला मालक 'जेनी' म्हणतो, कारण विक्रीच्या पावतीवर तसं लिहिलेलं असतं. ती मात्र नवऱ्याचं आडनाव सोडत नाही, कारण तेच तेवढं तिचं आहे. आणि सेथच्या मेलेल्या मुलीचं खरं नाव आपल्याला कधीच कळत नाही. थडग्यावर कोरलेला एक शब्द तिचं नाव होऊन बसतो. तो कोरून घेण्यासाठी सेथने आपल्या शरीराने किंमत मोजलेली असते.

७. या सगळ्या घरांत एक करडी मोलकरीण किंवा कारभारीण का असते?

किल्ल्यांसाठी. मालक पुरुष, राहणारी नवी बाई, आणि किल्ल्यांचा जुडगा तिसरीकडे: 'रिबेका'तली मिसेस डॅन्व्हर्स, 'जेन एअर'मध्ये बर्थावर पहारा ठेवणारी ग्रेस पूल, हिल हाऊसची मिसेस डडली. या बायकांना मालकी कधीच मिळणार नाही, म्हणून घराची शिस्त हीच त्यांची सत्ता. मिसेस डॅन्व्हर्सला नुसती खलनायिका समजू नका. नव्या मालकिणीच्या हातून चिनी मातीचा छोटा पुतळा फुटतो आणि ती भीतीने तुकडे खणात लपवते, तो प्रसंग वाचा. मालकीण नोकराला घाबरते, कारण घर कसं चालतं हे नोकरालाच ठाऊक आहे. आपल्याकडे कमरेला किल्ल्या खोचलेल्या सासूचं चित्र याच्या जवळ जातं, पण सासू कुटुंबातली असते, डॅन्व्हर्स नाही. तुलना करताना हा फरक पुसू नका.

८. 'द यलो वॉलपेपर' अभ्यासक्रमात आहे. नेमकं काय टिपायचं?

खोली टिपा. खिडक्यांना गज, भिंतींत कड्या, पलंग जमिनीला ठोकलेला. निवेदिका म्हणते ही पूर्वी मुलांची खोली असावी. ती म्हणते तसंच मानायचं की नाही, हे तुमच्यावर सोडलेलं आहे. तिला खरी हवी होती ती खालची, गुलाबांकडे उघडणारी खोली, नवऱ्याने नाकारली. ती चोरून लिहिते, म्हणजे आपण वाचतोय ती वहीच मुळात नियम मोडून तयार झाली आहे. शेवटी ती आतून कुलूप लावते आणि किल्ली बाहेर प्लँटेन नावाच्या एका रानरोपाच्या पानाखाली फेकते. या कथेत पहिल्यांदा किल्ली तिच्या हाती येते ती अशी.

पार्श्वभूमी थोडक्यात द्या. गिलमन यांच्यावर १८८७ मध्ये डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी 'विश्रांती उपचार' केला होता: पडून राहणं, भरपूर खाणं, लिहिणं-वाचणं जवळजवळ बंद. कथेत मिचेल यांचं नाव थेट घेतलं आहे. चूक होते ती इथे, की विद्यार्थी दोन पानं चरित्र लिहितात आणि कागदाच्या नक्षीवर दोन ओळी. प्रमाण उलटं ठेवा. नक्षीचा रंग, वास, दिवसा आणि चंद्रप्रकाशात होणारा बदल, मग गजांमागे बाई दिसणं, मग अनेक बायका, आणि अखेर निवेदिकेचं 'मी' म्हणणं, हा क्रम दाखवता आला तर उत्तर झालं.

९. हिल हाऊसने एलेनोरला मारलं की तिने आत्महत्या केली?

दोन्ही उत्तरं तोकडी आहेत, कारण दोन्हींत तिला परत जायला घर होतं असं गृहीत धरलेलं आहे. भुताटकीच्या अभ्यासासाठी डॉ. मॉन्टेग्यूने हिल हाऊसला बोलावलेल्यांपैकी एक असलेली एलेनोर बत्तीस वर्षांची. अकरा वर्षं आईचं आजारपण काढलं, आता बहिणीकडे बाळाच्या खोलीत एका खाटेवर झोपते. तिच्या मालकीचं काय? अर्धी मोटार. बहिणीला न सांगता ती तीच काढून निघते. वाटेत पाहिलेल्या गोष्टी जोडून, दगडी सिंह वगैरे, ती तिथे आलेल्या दुसऱ्या पाहुणीला, थिओडोराला, आपल्या फ्लॅटचं वर्णन करते. असा फ्लॅट नसतोच. भिंतीवर तिच्या नावानिशी 'घरी ये' अशी हाक उमटते तेव्हा बाकीचे घाबरतात. तिलाही भीती वाटते, पण आयुष्यात प्रथमच कुणीतरी तिला नावाने घरी बोलावतंय, हेही आहेच.

डॉ. मॉन्टेग्यू तिला सुरक्षिततेसाठी परत पाठवतो आणि गाडी फाटकाबाहेर न जाता झाडावर जाते. ज्या वाटेवर क्रेनची पहिली बायको घर पाहण्याआधीच गाडी उलटून मेली होती, ती हीच.

१०. 'बिलव्हड'ला भयकथा म्हणणं अपमानास्पद नाही का?

भयकथा म्हणा, पण भीती कशाची ते नेमकं सांगा. कादंबरीमागे खरी घटना आहे: जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळाली आणि पकडणारे दारात येताच तिने आपल्या लहान मुलीला मारलं, ती पुन्हा गुलाम होऊ नये म्हणून. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना मुक्त राज्यांतूनही पकडून नेता येत होतं. कादंबरीत सेथला अठ्ठावीस दिवसांचं स्वातंत्र्य मिळतं, मग तो दिवस. पुढची अठरा वर्षं १२४ ब्लूस्टोन रोड हे घर धुमसत असतं.

तीन भाग, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य घराविषयी: घर द्वेषाने भरलेलं, मग गोंगाटाचं, मग शांत. पण घर सेथचं नाही. ते बॉडविन या गुलामगिरीविरोधी गोऱ्या भावंडांचं. शेवटाला तीस बायका दारात जमून भूत घालवतात, त्याच वेळी घरमालक बॉडविन सेथच्या धाकट्या मुलीला, डेन्व्हरला, कामावर न्यायला येतो आणि सेथ त्याला जुना पकडणारा समजून त्याच्यावर धावते. सज्जन घरमालक आणि तो क्रूर माणूस तिला एका क्षणी सारखेच दिसतात. हे दृश्य 'गैरसमज' म्हणून उडवू नका. पुस्तकाला १९८८ चं पुलित्झर मिळालं, ते भूत असूनही नव्हे. भूत काढलं तर पुस्तकच उरत नाही.

११. भारतीय साहित्यातलं सगळ्यात नेमकं उदाहरण कोणतं?

'जीवित ओ मृत'. राणीहाटच्या जमीनदाराच्या घरातली मूलबाळ नसलेली विधवा कादंबिनी मेली समजून तिला स्मशानात नेतात. ती शुद्धीवर येते, पण आपण मेलोच आहोत असं तिलाही वाटतं. मैत्रिणीकडे जाते, तिथेही ठाव नाही. परत येते तर घरचे तिला पिशाच्च समजून हात जोडतात. शेवटी ती घरामागच्या तळ्यात उडी घेते आणि मरूनच सिद्ध करते की ती मेली नव्हती. इथे भूत एकही नाही. सासरी तिची जागा अशी होती की जिवंत असल्याचा पुरावाही कुणी मानेना.

'मणिहारा'ही (१८९८) वाचा. फणिभूषणला धंद्यासाठी बायकोचे दागिने हवे असतात. ते जातील या भीतीने ती सगळे अंगावर चढवून माहेरी निघते, पोचत नाही, आणि दागिन्यांनी मढलेला सांगाडा परत येतो. स्त्रीधन हीच तिची एकमेव मालमत्ता, मेल्यावरही न सुटलेली. पण शेवटची कोपरखळी पाहा: गोष्ट ऐकणारा सांगतो की फणिभूषण मीच, आणि माझ्या बायकोचं नाव भलतंच होतं. अख्खी कथा जिच्याबद्दल, तिचं नावच सांगणाऱ्याला माहीत नाही (प्रश्न ६).

१२. झपाटलेला पुरुष असेल तर? 'क्षुधित पाषाण'मध्ये तर बाईच भूत आहे.

तेव्हा प्रश्न फिरवायचा: तिची गोष्ट कोण सांगतंय आणि कुठे तोडतंय? 'क्षुधित पाषाण'मध्ये (१८९५) निजामाचा कापसावरचा जकात अधिकारी ओसाड महालात राहतो आणि रोज रात्री एका इराणी दासीच्या मागे ओढला जातो. हे सगळं तो स्टेशनावर गाडीची वाट पाहताना सहप्रवाशांना सांगत असतो, आणि अखेर तिची कहाणी सुरू होणार तोच आगगाडी येते. संपलं. तिचा इतिहास पुरुषांच्या गप्पांत अर्धाच राहतो. महालाची कल्पना टागोरांना अहमदाबादच्या शाहीबाग महालातून सुचली. १८७८ मध्ये ते तिथे भावाकडे, न्यायाधीश सत्येंद्रनाथांकडे राहिले होते आणि पुढे मुंबईला आले. याच कथेवर सैल बेतलेल्या 'लेकिन' या हिंदी चित्रपटात, ज्याचं संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आहे, तिची कहाणी पूर्ण सांगितली जाते. दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

१३. आपल्याकडच्या हडळ, जखीण, लावसट यांचा या साहित्याशी काही संबंध लावता येतो का?

येतो, आणि तो फार बोलका आहे. कोकण आणि देशावरच्या जुन्या समजुतींत सवाष्ण मेलेली जखीण, विधवा मेलेली लावसट, बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली अळवंत. गावागणिक नावं आणि अर्थ सरकतात, पण वर्गवारीचं सूत्र तेच राहतं: मेल्यावरही बाईची ओळख नवरा आणि मूल यांवरून. पुरुषांत मुंजाची ओळख संस्कारावरून आहे, हे खरं, पण कुणाचा नवरा म्हणून कुणी भूत झाल्याचं ऐकिवात नाही.

बंदोबस्तही पाहा. बाळंतीण मेली की वाटेवर राळ्याचे दाणे टाकत जायचे, उंबऱ्यात खिळे ठोकायचे. सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी, की ती घरी परत येऊ नये. थॉर्नफील्डमध्ये बाईला बाहेर पडू देत नाहीत, इथे आत येऊ देत नाहीत.

पण लोकसमजूत म्हणजे कादंबरी नव्हे. 'हडळ म्हणजे मराठी बर्था' असं समीकरण मांडलं की दोन्हींचा तपशील हरवतो. हडळीला लेखक नसतो, तिची गोष्ट गाव सांगतं. बर्थाला ब्राँटेने रचलं आणि ऱ्हीसने सोडवून घेतलं.

१४. मराठीत वाड्याची अशी एखादी कृती सुचवा. भूत नसलं तरी चालेल.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. विजया मेहतांनी ते १९८५ मध्ये रंगमंचावर आणलं. विदर्भातल्या देशपांड्यांचा ढासळता वाडा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, तात्याजी नुकतेच गेलेले. भूत नाही, पण वाडा माणसांना सोडत नाही. प्रभाची शिकायची इच्छा वडिलांच्या हट्टापायी राहून गेली, ती तिथेच अडकलेली. वहिनी रात्री घरातले सगळे दागिने अंगावर घालते तो प्रवेश 'मणिहारा'च्या शेजारी वाचून पाहा. पुढे वहिनीची मुलगी रंजू तेच दागिने घेऊन पळते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथाही घ्याच, पण त्यांची प्रत्येक कथा या चौकटीत बसेल अशी अपेक्षा ठेवू नका. भीती हाच हेतू असलेली कथा भीती म्हणून वाचावी.

१५. घर बाईच्याच मालकीचं असेल तर तुमचं सूत्र मोडतं ना?

वाकतं. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधली (१८६०-६१) मिस हॅविशम वारसदार आहे, सॅटिस हाऊस तिचंच. नऊला वीस मिनिटं असताना नवऱ्यामुलाचं नकाराचं पत्र आलं आणि तिने सगळी घड्याळं तिथेच थांबवली. मालकी आहे म्हणून तिला कुणी कोंडलं नाही. तिने स्वतःला कोंडलं आणि दत्तक एस्टेलाला हत्यार बनवलं. पण तिला फसवलं गेलं ते त्याच संपत्तीसाठी, आणि कटात सावत्र भाऊ होता. मालकीने बाई सुटत नाही, लक्ष्य होते. ज्यांना प्रश्न १ मधलं सूत्र यंत्रासारखं वापरायचंय त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

१६. वाचनगटात हे कसं घ्यावं?

एका बैठकीला एकच कृती, आठ ते दहा माणसं, दोन तास. पहिली वीस मिनिटं फक्त नकाशा: प्रत्येकाने घराचा आराखडा काढायचा आणि नायिकेला कुठे जाता येतं, कुठे नाही, ते खुणांनी दाखवायचं. आराखडे जुळत नाहीत तिथूनच चर्चा सुरू होते. मग एक उतारा मोठ्याने वाचा, दीड-दोन पानांचा. 'भूत खरं का' हा प्रश्न शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत मनाई करा, नाहीतर तोच सगळा वेळ खातो. 'बिलव्हड'ला मात्र दोन बैठका लागतात, आणि त्यात बालहत्या व लैंगिक हिंसा आहे हे आधी सांगून ठेवणं गरजेचं आहे.

१७. पुस्तकाऐवजी सिनेमा पाहिला तर?

पाहा, पण उत्तरात सिनेमातला प्रसंग पुस्तकाचा म्हणून लिहू नका. हिचकॉकच्या 'रिबेका'त (१९४०) मॅक्सिम खून करत नाही. रिबेका पडून मरते. खुनी नवरा मोकळा सुटलेला दाखवणं तेव्हाच्या अमेरिकी सेन्सॉरच्या नियमांत बसत नव्हतं. या एका बदलाने निवेदिका खुनाची भागीदार राहत नाही, आणि कादंबरीचा खरा डंखच निघून जातो. हिंदीतला 'कोहरा' (१९६४) याच कथेवरून. डॅन्व्हर्सच्या जागी ललिता पवार आहेत आणि केवळ त्यांच्यासाठीही तो पाहावा.

१८. असल्या गोष्टी शिकवणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी नाही का? पालक विचारतात.

कथेतलं भूत आणि प्रत्यक्षात एखाद्या बाईला 'लागीर झालंय' म्हणून बांधून मारणं यांत गल्लत नको. दुसरी गोष्ट महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं आहे. कथा, कादंबरी, नाटक यांचा त्याच्याशी संबंध नाही. पालकांना 'जीवित ओ मृत' वाचायला द्या. जिवंत बाईला भूत ठरवणारी माणसं किती साधी, घरगुती आणि हात जोडणारी असू शकतात, ते त्यात आहे.